मी बेलभंडार उचलला नाही

मत कोणाला दिलं, हा प्रश्न मला आजही सहन होत नाही. मळ्याच्या धुऱ्याबांधावर उभं राहून कोणी सहज विचारलं तरी मी पाटाचं पाणी वळवायच्या निमित्तानं तिथून उठतो. माझी बायको होती तोवर म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हे ती कौतुकानं म्हणत नसे.

ज्या निवडणुकीनं मला हे वळण लागलं ती इंग्रजांच्या राज्यातली. प्रांतात आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ येणार, अशी पहिलीच मोठी निवडणूक. मत सगळ्यांना नव्हतं. सारा भरणाऱ्याला होतं, थोडंफार शिकलेल्याला होतं, आणि बाकी गाव नुसतं बघत होतं. मालेगावच्या वाटेवरच्या माझ्या भाजीच्या मळ्यामुळे माझं नाव मतदारांत आलं. ते कळलं त्या दिवशी मी धोतर बदलून देवळात जाऊन आलो होतो, इतकं मला त्याचं अप्रूप.

माझ्या मळ्याला लागून माझ्या दोस्ताचं कोरडवाहू वावर होतं. त्याच्याकडे एक बैल आणि माझ्याकडे एक, अशी आमची सावड होती. सकाळी जोडी माझ्या विहिरीवर मोट ओढायची, उन्हं चढली की त्याच्या कपाशीच्या पऱ्हाटीत तण काढायला, डवऱ्याला जायची. जोडी कोणाची म्हणून परक्या माणसानं विचारलं तर आम्ही दोघंही 'माही' म्हणायचो आणि हसायचो. बैलांनाही एकमेकांवाचून चैन पडत नसे. एकाला पाण्यावर नेलं की दुसरा दावं ताणायचा.

पक्षाच्या हाकेवरून जंगलाचा कायदा मोडायलाही आम्ही बरोबर गेलो होतो. राखीव जंगलातलं गवत कापलं, पकडले गेलो आणि एका कोठडीत राहिलो. त्याला ढेकणांचा त्रास व्हायचा आणि मला त्याच्या घोरण्याचा. त्याच कोठडीत एक शाळामास्तर होते. त्यांनी गवताची एक काडीही कापली नव्हती, नुसतं भाषण केलं होतं. आम्ही गवत कापलं म्हणून आत टाकलं हे मला समजत होतं. पण तोंड उघडलं म्हणून माणूस आत टाकायचा, हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना. मास्तरांनी मला तिथे कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या आणि मी बाहेर आलो तो पक्का कायदेबाज होऊनच. हे नावही दोस्तानंच ठेवलेलं.

निवडणुकीत आमच्या पक्षाचा उमेदवार वकील होता. मला तो फारसा आवडला नव्हता. आम्हा शेतकऱ्यांशी तो बिगारी यत्तेच्या पोरांशी बोलल्यासारखा सावकाश बोलायचा. पण तो तुरुंगात जाऊन आला होता आणि समोरचा उमेदवार म्हणजे सरकारकडून पदवी मिळालेला मोठा जमीनदार. तेव्हा माझं मत कुठे जायचं याबद्दल माझ्या मनात क्षणभरही शंका नव्हती.

जमीनदाराच्या दिवाणजीनं एक वावडी उठवली होती. कोणी मत कोणाला टाकलं ते जमीनदारसाहेबांच्या वाड्यावर संध्याकाळपर्यंत कळतं, असं तो सांगत सुटला होता. लोक भ्यायले होते. मग आम्ही दोघं आमची जोडी बंडीला जुंपून गावोगाव हिंडलो. किन्हीराजाला गेलो, तिकडल्या वाड्यावस्त्यांवर गेलो. दोस्त डफ घेऊन गाणी म्हणायचा आणि माणसं जमली की मी बोलायला उभा राहायचो. माझं भाषण एवढुसं होतं. मत पडद्याआड टाकायचं असतं. तिथे साहेब नसतो, पाटील नसतो, फौजदार नसतो, सख्खा भाऊही नसतो. तिथे तुम्ही एकटेच. म्हातारी माणसं हे पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. कोणीच नसते का, असं विचारायची. आयुष्यात कुठे तरी आपण कोणाच्या नजरेबाहेर असू शकतो, हे त्यांना खरं वाटत नसे. परतीच्या वाटेवर दोस्त मला म्हणाला होता की, तुझं भाषण माझ्या डफापेक्षा सरस चाललं. मला ते फार गोड लागलं होतं.

मग जमीनदाराचा एक वक्ता आमच्या गावी सभा घ्यायला आला. आमच्या पक्षाच्या तरण्याबांड लोकांनी आधीच रिकामे डबे गोळा करून ठेवले होते. तो उभा राहिला की डबे सुरू, तो थांबला की डबे बंद. लोक पोट धरधरून हसत होते. मला हसू येईना. मी मध्ये जाऊन म्हणालो की, त्याला बोलू द्या, त्याचं म्हणणं फालतू आहे तर ऐकून मग हसा. मास्तरला सरकारनं गप्प बसवलं तेव्हा आपण चिडलो होतो, मग हे डबे कोणाच्या बाजूचे, असंही मी विचारलं. डबेवाले माझ्याकडे बघतच राहिले. दोस्तानं, जाऊ द्या, आमचा कायदेबाज आहे तो, असं म्हणून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून पारावर मी गेलो की बोलणं जरा मंदावायचं.

त्यानंतर आलं ते बेलभंडाराचं प्रकरण. आमच्याकडे एखादी गोष्ट पक्की करायची तर महादेवाच्या देवळात पिंडीवरचं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट हातावर घेऊन शब्द द्यायचा. बेलभंडार उचलला की संपलं. मग पोटचा पोर आडवा आला तरी माणूस शब्द फिरवत नाही. जमीनदाराच्या माणसांनी दोन-तीन गावांत मतदारांकडून असा बेलभंडार उचलून घेतला. हे कळलं तेव्हा माझा जळफळाट झाला. पडदा सरकारनं लावला आणि यांनी तो देवाच्या हातून फाडला, असं मी भर पारावर बोललो. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आठवडाभरातच आमच्याही पक्षाच्या पुढाऱ्यांकडून निरोप आला की काट्यानं काटा काढा. आपल्या मतदारांकडूनही बेलभंडार उचलून घ्या. गावातलं हे काम माझ्या दोस्ताकडे आलं.

सकाळची वेळ होती. देवळात मत असलेली सगळी माणसं जमली होती. बाकी गाव ओट्याखाली उभं होतं. दोस्त आंघोळ करून, ओल्या केसांनी, तबक घेऊन पिंडीजवळ बसला होता. एकेक जण पुढे जाई, हातावर पान घेई, आपल्या उमेदवाराचं नाव घेई आणि बाजूला होई. त्याला हे काम आवडलं होतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, लग्नघरच्या माणसासारखा होता. माझी पाळी आली. त्यानं माझ्याकडे न बघताच पान उचललं, कारण माझ्याबद्दल त्याला बघायचं काही कारणच नव्हतं.

"मी उचलत नाही," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

"काहून?"

"मत कोणाले द्याचं ते माह्यं मी पाह्यतो. हे पान घेतलं तं पडद्याआड मी एकटा राह्यत नाही. तूबी येतो मंग तेथी."

ओट्याखालची माणसं पायऱ्यांवर सरकली. मग तो अगदी हळू म्हणाला, "मी आलो तं का बिघडते तुह्यं?"

गावोगाव सांगितलेलं भाषण मला पाठ होतं, पण त्यात दोस्ताचा उल्लेख नव्हता. मी महादेवाला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून मळ्याकडे निघालो. मागून कोणी तरी डब्यांची आठवण काढली. लोकांनी दोन आणि दोन चार केले आणि दुपारपर्यंत मी जमीनदाराचा माणूस ठरलो होतो.

मतदानाच्या दिवशी मालेगावला जायचं होतं. पक्षाच्या बंड्या झेंडे लावून निघाल्या. मला कोणी हाक मारली नाही. मी पायी निघालो. पांदणीच्या वळणावर गाणी म्हणत दोस्ताची बंडी आली आणि धुरळा उडवत पुढे गेली. सावड अजून मोडली नव्हती, जोडी तीच होती. माझाच बैल मला मागे टाकून गेला आणि जाताना त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एवढी ओळख त्या दिवशी त्यानंच दाखवली.

पडद्याआड मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. बाहेरचा कारकून खाकरला. मी मत आमच्याच उमेदवाराला दिलं. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही. बाहेर आलो तेव्हा दोस्त समोरच्या लिंबाखाली उभा होता. तो बघत होता आणि मीही बघत होतो. मग त्याला कोणी तरी बोलावलं.

आमचा वकील निवडून आला. गावात गुलाल उधळला. मिरवणूक माझ्या घरावरून गेली, पण दारात थांबली नाही. मला वाटलं होतं, उमेदवार जिंकला म्हणजे माझ्यावरचा राग आपोआप उतरेल. झालं उलटंच. जिंकलेल्या लोकांना आपल्यात कोण नव्हतं ते मोजायला फुरसत मिळते.

दोन-चार दिवसांनी दोस्त मळ्यात आला. मोट चालू होती. त्यानं मला थांब म्हटलं, आपल्या बैलाचं जोतं सोडलं आणि कासरा हातात धरून उभा राहिला.

"एक डाव सांग. कोणाले देल्लं?"

"ते इचारू नको."

"गावाले नको सांगू. मलेच सांग. सांगतलं तं बैल इथंच राह्यते."

नुसतं विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलंही असतं. पण त्यानं हातात कासरा धरून विचारलं. दिवाणजी कुळांना जमिनीचं भय घालून विचारत होता, तसंच ते मला वाटलं, आणि मी मोटेचा नाडा गोळा करायला लागलो. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग बैल घेऊन गेला. माझा बैल दिवसभर त्या दिशेला तोंड करून हंबरत होता आणि मला त्याचा राग येत होता.

त्या दिवशी बायकोनं मला पहिल्यांदा विचारलं. "एक शब्द तं सांगाचा होता. तुमच्या तोंडचे का मोती सांडत होते?" मी तिलाही सांगितलं नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. चार दिवस ती माझ्याशी चुलीपुरतंच बोलली.

गावानं मला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं काही केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. लोक रामराम घेत. फक्त सावडीला कोणी येईना. एका बैलानं मोट चालत नाही, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको हातानं पाणी शेंदायचो. अर्धा मळा पडीत राहिला. वांगी गेली, मिरची गेली, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, एवढंच राहिलं. गाव करील ते राव काय करील म्हणतात ते खोटं नाही.

सगळ्यात जड गेलं ते वर्तमानपत्राचं. पूर्वी आठवड्याचं पत्र आलं की पारावर मी मोठ्यानं वाचायचो आणि दोस्त मध्ये मध्ये तोंडी लावायचा. त्याच्या शेऱ्यांवर लोक हसत आणि मग मी रागावून म्हणत असे, ऐका तरी. आता मी वाचायला बसलो की एकाला तंबाखू आणायची आठवण व्हायची, एकाला म्हैस सोडायची. शेवटी मी घरीच बायकोला वाचून दाखवू लागलो. ती शेंगा सोलता सोलता ऐके आणि कापसाचा भाव आला की नाही एवढंच विचारी. पोळ्याला सगळ्यांच्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहायच्या. माझा एकटा बैल मी नेला नाही. घरीच त्याला पुरणपोळी चारली. मला फार एकटं वाटायचं. गाव तुटल्याचं नव्हे, तो तुटल्याचं. त्याच्याशी भांडायला देखील तोच हवा होता.

पुढे आमचंच सरकार असताना जवळच्या एका कापसाच्या जिनातल्या मजुरांच्या सभेवर बंदी आली. कलम तेच, जे आमच्या सभांवर लागायचं. न्हाव्याकडे हजामत करताना मी म्हणालो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे राज्यकारभाराला चालत नाही. न्हाव्यानं वस्तरा जरा जोरात ओढला. तोवर दोस्त तालुक्याचा पुढारी झाला होता आणि माझी असली वाक्यं त्याच्यापर्यंत पोचत असणार. माझ्या मनात एक वेडी आशा असायची की, तो चिडून तरी माझ्या मळ्यात येईल.

मग इंग्रजांची मोठी लढाई लागली. मंत्रिमंडळ गेलं. लढाईविरुद्ध बोलायला बंदी होती आणि ती मोडायची ठरली ती एकेकट्यानं. निवडलेल्या माणसानं आधी सरकारला कळवायचं, ठरल्या दिवशी उभं राहून बोलायचं आणि पकडलं जायचं. आमच्या भागातून माझ्या दोस्ताची निवड झाली. जागा ठरली मालेगावचा बाजार.

मी मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला गेलो होतोच. खरं सांगायचं तर लढाईबद्दल माझं मत त्याच्यासारखं नव्हतं. इंग्रज वाईट खरे, पण समोरचा त्यांच्याहून वाईट, असं माझं चाललं होतं. तो मारुतीच्या पाराशेजारी एका धोंड्यावर चढला. गळ्यात हार होता. जमादार आणि दोन शिपाई आधीच येऊन थांबले होते. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्यासमोरची जागा रिकामी झाली. ज्यांनी देवळात बेलभंडार उचलला होता, त्यांतले कित्येक तिथे होते. कोणी धान्याच्या पोत्याआड गेला, कोणी बैलाचे दात बघायला लागला. त्यांनाही दोष देववत नाही, लढाईच्या दिवसांत शिक्षा कडक होती. पण माणूस बोलतो आहे आणि ऐकायला कोणी नाही, हे मला बघवेना. मी टोपली खाली ठेवली आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.

तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलला. ही लढाई आपल्याला विचारून लागलेली नाही, तिला माणूस किंवा पैसा देऊ नका, असं काहीसं बोलला. आवाज पहिल्यांदा चिरका लागला, मग ठीक झाला. डफावर गाताना त्याचं असंच व्हायचं. त्याचं म्हणणं मला पटत नव्हतं, तरी त्याचा प्रत्येक शब्द मी ऐकला. त्याचं बोलून झालं. तो धोंड्यावरून उतरला आणि जमादारासमोर जाऊन उभा राहिला.

जमादाराचं लक्ष माझ्याकडे गेलं. अख्ख्या बाजारात मी एकटाच हललो नव्हतो.

"हा कोण लागते तुह्या?" त्यानं दोस्ताला विचारलं.

इतक्या वर्षांत दोस्तानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कानाशी केस पिकले होते. मला ते ठाऊक नव्हतं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "भाजीवाला हाये. बजाराले आला असंन."

तो मला वाचवत होता की झटकून टाकत होता, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. जमादार माझ्याकडे वळला.

"खरं का बे? कोणी नाही तू याचा?"

नुसतं ऐकणं हा गुन्हा नाही, हे मला कायद्यानं ठाऊक होतं. मी कोण ते सांगितलं असतं तर फार तर त्यांनी चौकीवर नेऊन चार प्रश्न विचारले असते. आम्ही दोघं पोलिसांच्या एका मोटारीत बसलो असतो. पण दोस्त माझ्याकडे बघत होता आणि 'कोणी नाही' हा शब्द त्यानं उच्चारला होता. या वेळी तरी मी त्याच्या शब्दाला नाही म्हणणार नव्हतो.

"नाही," मी म्हणालो. "मी याचा कोणी नाही."

त्यानं मान खाली घातली आणि हार काढून शिपायाच्या हातात दिला. मोटार जाईपर्यंत मी तिथेच होतो. पुढच्या पावसाळ्यात तो तुरुंगात तापानं गेला. त्याच्यासमोर मी बोललो ते शेवटचं तेवढंच.